दोन टिचक्या

मनगट मोडलं ते काही जिन्यावरून पडून नव्हे,
कोंबडीमागे धावताना, सपाट अंगणात.
डॉक्टरने सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं
आणि विचारलं, घरी मदतीला कोण?
म्हटलं, फेर्मीन.
तो तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

कमरेखाली उतरणारे केस
एका हाताने होत नाहीत. करून बघा.
पहिल्या सकाळी एक पेड दातात धरला,
दुसरा दाराच्या कडीला अडकवला,
आणि तिसऱ्यापाशी रडू आलं,
मनगटाचं नव्हे.

म्हणून आता तो पलंगाच्या कडेला,
मी खाली मेंढीच्या कातड्यावर,
त्याचे गुडघे माझ्या खांद्यांशी.
बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय,
आणि वर केबल कारचा लाल डबा
शेजाऱ्यांच्या पत्र्यावरून सावली ओढत जातो.

वानुनीच्या खाणीत एकोणतीस वर्षं सुरुंग लावले त्याने.
डावा कान तिथेच राहिला.
उजव्यात आहे थोडं,
बरणीच्या तळाशी मीठ उरतं तेवढं.
माझं तोंड भिंतीकडे, ओरडून किती सांगणार?
मग धडधाकट हाताने त्याच्या गुडघ्यावर:
एक टिचकी, उजवीकडे घे.
दोन, डावीकडे.
बुक्की म्हणजे, मेल्या, केस आहेत ते, वात नाही!

पेडावर पेड टाकताना तो मोजतो,
वात पेटवून पळताना मोजायचा तसा,
ओठांतल्या ओठांत:
माया, पाया, किम्सा.
एक, दोन, तीन. पुन्हा एक.
आमच्या आयमारात आकडे असेच आहेत.

अडतीस वर्षांत माझी मान त्याने पाहिली नव्हती.
"इथे तीळ आहे," म्हणाला,
जसा काही मी लपवून ठेवला होता.

दोन्ही वेण्यांची टोकं
काळ्या लोकरीच्या गोंड्यांनी एकत्र बांधायची,
वाकलं की रश्शात पडू नयेत म्हणून.
पहिल्यांदा त्याने खाणकामगाराची गाठ मारली.
रात्री कात्री लागली.

गुरुवारी बाजार.
टोपीखाली पुढचं झाकतं, मागचा भांग झाकत नाही.
बटाट्यांच्या ढिगामागून दोन्या सातुर्नीना म्हणाली,
"हा कुणी पाडला गं? डोंगरावरून ओढा उतरलाय नुसता!"
बायका हसल्या.
माझ्या तोंडून निघून गेलं,
"नीवेस आलीये इकीकेहून. धांदरट आहे पोर."

नीवेस तीन वर्षांत आलेली नाही.
फेर्मीन मागे उभा होता, खांद्यावर पोतं.
माझ्या कुठल्या अंगाला होता,
बऱ्या कानाच्या की दुसऱ्या,
वळून बघायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी भांग सरळ.
खाणीतल्या रुळासारखा सरळ.
वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या,
दिवसभर मी कशाचं तरी नवल वाटल्यासारखी दिसत होते.
टिचकीची गरज पडली नाही.
मोजणंही ऐकू आलं नाही.
खुर्चीच्या पाठीला लोकरीचे तीन दोर बांधलेले सापडले,
निम्म्यापर्यंत गुंफलेले, सोडवलेले, पुन्हा गुंफलेले.
रात्री केव्हा उठला होता कोण जाणे.

शनिवार, रविवार, सोमवार, तसंच.
बोट ठेवायला जागा नाही अशा वेण्या.
लोक पूर्वी आपल्या कामाबद्दल म्हणायचे तसं
मी म्हटलं, "छान." तो फणीतले केस काढत बसला.

आज पुन्हा गुरुवार.
प्लास्टरचे अकरा दिवस राहिलेत.
फणीचं टोक कपाळाच्या मध्यावर टेकलं
तशा मी दोन टिचक्या मारल्या.
तो थांबला.
पुन्हा दोन.
डावीकडे, फेर्मीन. अजून. जाऊ दे ओढ्याला हवं तिकडे.
बाजारात ती विचारणारच आहे.

बराच वेळ फणी हलली नाही.
मग ती हलली, वाकडी,
आणि मागून, बरणीच्या तळातून यावं तसं:
माया.