लोड चार्ट

सोहारजवळ फलजच्या कँपात, ब्लॉक सातच्या
मेसच्या दारावर मी कागद चिकटवला:
दर गुरुवारी संध्याकाळी रक्तदाब, साखर, वजन. मोफत.
खाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं,
आणि पगार?

पहिल्या गुरुवारी तिघे आले.
एकाला बाम हवा होता, एकाला सही,
तिसरा एसी चांगला म्हणून बसला.
दुसऱ्या गुरुवारी कंपनीने केळी ठेवली.
केळी संपली.

"मला काय धाड भरलीय?" झिलू परब म्हणाला,
जिन्यात मधेच थांबून,
जणू कठड्यालाच दम लागला होता.
"मोजलं की निघतंच काहीतरी.
निघालं की लिहिता. लिहिलं की पाठवतात घरी."
सगळं खोटं नव्हतं त्याचं.

वरून विचारणा आली: पुरुष प्रतिसाद का देत नाहीत?
मी रकान्यात भरलं, जागृतीचा अभाव.
अभाव कसला!
जागेच असतात सगळे. रात्री दीडला गच्चीवर दिसतात,
फोनच्या उजेडात अर्धे अर्धे चेहरे,
"हो, जेवलो. हो, बराय."

मग मुबीन होडेकर आला, डोळ्यांचे थेंब मागायला.
ऐंशी टनी क्रेन, एकोणीस वर्षं,
एकदाही माल सुटलेला नाही.
थेंब शोधेपर्यंत दंडाला पट्टा बांधला,
नाही म्हणायला त्याला वेळच दिला नाही.
आकडा चढताना बघत राहिला, उतरताना बघत राहिला.
"हा तर लोड सेल," म्हणाला. "मर्यादा किती?"
सांगितली.
"आणि माझा?"
एकशे बाहत्तर. खालचा एकशे चार.
"एवढ्या ओव्हरलोडवर मी कुणाच्या बापासाठी उचलत नाही.
केबिनमध्ये अलार्म कोकलतो.
ह्याला अलार्म कुठाय?"
नसतो, मी म्हणालो.
"मग चोर मशीन आहे हे."
आणि थेंब तिथेच विसरून गेला.

मेसमध्ये तो काय बोलला, मला ठाऊक नाही.
पुढच्या गुरुवारी माझा कागद गायब,
त्या जागी खोक्याचा पुठ्ठा, मार्करने:
तपासल्याशिवाय उचलू नये.
आणि रांग.
झिलू काट्यावर चढला तर मागून ओरडले, "किती टन रे?"
साखरेचा आकडा आला तेव्हा मात्र
कुणी काही बोललं नाही.

वही मुबीनकडे असते. ती माझी अट नव्हती, त्यांची.
कंपनीला फक्त डोकी मोजून मिळतात.
बिजू आचाऱ्याने चहातली साखर निम्मी केली,
दोन दिवस शिव्या खाल्ल्या,
तिसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.
ऊन उतरलं की कुंपणाला धरून फेऱ्या,
घरी फोन लावायचा तो चालत, थांबून नाही.
बायकोशी भांडण असेल तर किलोमीटर वाढतात,
असा होडेकरचा हिशेब.
झिलू हल्ली रोज भांडतो.

सगळेच येतात असं नाही.
वेल्डिंगवाला तुकाराम घाग दारापर्यंत येतो,
पुठ्ठा वाचतो, परत जातो.
त्याच्यासाठी शब्द अजून सापडलेला नाही.

परवा मशीन आवरत होतो.
"नर्सभाऊ, तुमचा लोड?"
सेल उतरलेत, मी म्हणालो.
मुबीनने खिशातून दोन पेन्सिल सेल काढून टेबलावर ठेवले,
टीव्हीच्या रिमोटमधले, अजून कोमट.
सहा वर्षं लोकांचे दंड धरतोय.
शर्टाची बाही गुंडाळताना
माझी बोटं अडखळली.

पट्टा फुगत गेला.
रांगेतल्यांनी कुणी न सांगता
दोन पावलं मागे घेतली,
डोक्यावर माल लटकत असला
की घेतात तशी.