समासातली पेन्सिल

तीन वर्षं अकरा महिने यादीत नाव होतं.
मग मार्चमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं :
प्लॉट सतरा-ब, वर्षाला सदतीस पौंड,
एका अंगाला रेल्वेचं कुंपण.
आणि मी, जिला कुंडीतला पुदिनाही कधी जगवता आला नाही,
बेकरीतून सुटले ती पिठाच्या हातांनी
थेट पुस्तकाच्या दुकानात.

चोवीस पौंड. गुळगुळीत कागद.
पानापानावर ऊन.
कोबीवर दव असं बसलेलं
जणू बसायचे पैसे घेतले होते.
"पाण्याचा निचरा होणाऱ्या भुसभुशीत जमिनीत"
इथवर वाचलं आणि खिडकीबाहेर बघितलं.
ओल्डम. उतार. सहा दिवसांचा पाऊस.
माझी जमीन फावडं धरते ते सोडत नाही,
आणि पाय सोडलाच तर
बूट ठेवून घेते.

शेजारचा प्लॉट बोहदान हुझारचा.
बाप युक्रेनहून इथल्या गिरणीत आलेला,
हा त्याच गिरणीच्या विटांनी वाफे बांधतो.
माझ्या हातातली दुकानाची यादी त्याने वाचली,
घडी घातली,
आणि आपल्या केटलीखाली पेटवली.
"रविवारी ये. पहाटे. सुट्टे पैसे आण."

रविवारी, फुटबॉलच्या मैदानावर,
लोक गाडीच्या डिकीतून घर विकत होते.
तिथे मिळालं :
दांडा बदललेलं खुरपं, दीड पौंड,
पोचा आलेली झारी, एक,
आणि बारा बांबू, जे एका बाईने
"न्या बाई एकदाचे" म्हणून नुसतेच दिले.
बाकीचं बेकरीतच पडलेलं होतं की!
पिठाच्या बादल्या, बुडाला भोकं पाडली की बटाट्याला चालतात.
अंड्यांचे ट्रे, डोळे फुटेपर्यंत तेच बटाटे मांडून ठेवायला.
काखेत कळसा.

पुस्तक खोक्याच्या तळाशी होतं.
पन्नास पेन्स. मुखपृष्ठ नाही, एकही फोटो नाही.
समासात मात्र पेन्सिल.

छापलेलं : फेब्रुवारीत पेरावे.
पेन्सिल : इथे नाही. एप्रिल. घाई केलीस तर कुजेल.
छापलेलं : गाजरे सरळ ओळीत.
पेन्सिल : या चिखलात? पिंपात वाळू भर.
छापलेलं : गोगलगाईंवर अमुक औषध.
पेन्सिल : रात्री दहा, टॉर्च, जुना चमचा. मन घट्ट.
वाटाण्यापाशी : ३ जुलै. पहिल्या शेंगा.
अर्नीने उभ्या उभ्या खाल्ल्या, घरी एक आली नाही.
त्याखाली, जरा फिकट :
या वर्षी दोनच ओळी. पुरे होतात.

पान उलटायला मला वेळ लागला.

बोहदानला अक्षर दाखवलं.
त्याने चष्मा पुसला, लावला, काढला.
"असं अक्षर असणाऱ्या बायका
इथे प्रत्येक टेकडीवर होत्या," म्हणाला,
आणि कांद्याकडे वळला.

ऑगस्ट.
घेवडा इतका आला की ओळखीची माणसं
मला बघून रस्ता ओलांडायला लागली.
कोबीची जाळी झाली.
गाजरं दोन, तीही पायावर पाय टाकून बसलेली,
कारण वाळू आणायचा कंटाळा केला होता.
चोवीस पौंडांचं पुस्तक शेडमध्ये आहे,
फुटक्या तावदानाला लावलंय.
ऊन तिथे तेवढं अजून येतं.

काल पेन्सिलीला टोक केलं.
गाजराच्या पानावर, तिच्या ओळीखाली, लिहिलं :
ही म्हणते ते ऐक. मी ऐकलं नाही.
मग वाटाण्याचं पान काढलं.
तिथे खूप जागा होती.
तारीख घातली,
आणि शेंगा संपेपर्यंत
पुढचं काही लिहिलं नाही.