एक ते दहा

डुलुथमधलं वकिलाचं ऑफिस,
खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर.
नेमकं किती वाजता दुखायला लागलं, ते विचारतायत.
घड्याळ कुठे पाहिलं होतं?
ऐली ब्रेडची कणीक मळत होती.
थांबली. पिठाच्या हातानंच मान धरली.
म्हणाली, कुणी फळी घातली का रे डोक्यात?
मागे कुणी नव्हतं.

इमर्जन्सीत नर्सनं विचारलं,
एक ते दहा, किती दुखतंय?
ऐली म्हणाली, सहा.

तेव्हाच सांगायला हवं होतं मी,
ही बाई बाळंतपणात चार म्हणाली होती.
तीस हिवाळे शाळेची बस चालवली,
दारात बोट चिरडलं त्या दिवशीही
फेरी पुरी करूनच आली.
दहा हा आकडा तिनं
दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवला होता.

सहा, म्हणजे मायग्रेन.
मायग्रेन, म्हणजे दोन गोळ्या आणि अंधारी खोली.
स्कॅनचं मशीन त्याच मजल्यावर होतं,
हे मला नंतर कळलं.
रिकामं होतं.

मी रात्रभर दिवा लावला नाही.
अकरा तास तिच्या डोक्यात रक्त पसरत राहिलं
आणि मी, तिची झोप मोडू नये म्हणून,
नुसत्या मोज्यांवर चालत होतो.

वकील कागद पुढे सरकवतो:
तुमचं नुकसान, आकड्यात?

कणकेवर तिच्या बोटांचे ठसे होते.
सकाळपर्यंत ती फुगून आली, ठसे बुजले.

सहा, मी म्हणतो.
टायपिस्ट वर बघते.
लिहा.