मीठ

चौथ्या वर्षाचा मार्च.
ट्रे एकशे अठरा, खाना बी-चार.
थेंबात काहीतरी उभं होतं,
ध्रुवित प्रकाशात फिरवलं की
निळं, मग शेंदरी, परत निळं.
मी खुर्चीवरून हलले नाही,
माझ्या श्वासानं विरघळेल म्हणून.

तन्झीला सुई घेऊन आली.
"टोच. प्रथिन असेल तर मुकाट्यानं चुरेल."

कट्‌ वाजलं.

एवढ्याशा वस्तूलाही आवाज असतो.
क्ष-किरणांनी खात्री करून दिली:
चारच ठिपके, लांबलांब,
एकमेकांशी ओळख नसल्यासारखे.
प्रथिनाचे शेकड्यांनी येतात, दाटीवाटीनं.
वहीत लिहिलं, सॉल्ट.
तारीख टाकली. सही केली.

रात्री घरी सांगितलं तर हिराजीकाका
भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले.
"म्हंजे मीठ पिकवलंस गो?"
आणि असे हसले की ठसका लागला.

बेलापूरच्या खाडीकडे त्यांचं आगर होतं.
आता तिथं पार्किंगचे तीन मजले आहेत, वर माणसं.
साडेबारा टक्क्यांतला भूखंड विकला
तेव्हा माझी एम.एस्सी.ची फी गेली.

"ऊन किती देतेस?"
ऊन नाही, काका. अठरा अंश, बंद कपाट.
"पाणी?"
दोन मायक्रोलिटर.
त्यांनी चिमूट करून दाखवली. मी म्हटलं, त्याहून कमी.
"आन बघतेस किती वेळा?"
रोज. कधी दोनदा.
"मग दाना कसा धरंल?
आमी वाफ्यात पाय टाकायचो तो पन इचारून.
वारा सुटला का माजा बाप
वाऱ्याला शिव्या घालायचा."

हे कुठल्या शोधनिबंधात नव्हतं.
म्हणजे असेलही, पद्धतींच्या भागात, बारीक टायपात,
'कंपनविरहित ठिकाणी ठेवावे' असं काहीतरी.

एकशे एकोणीस लावला.
काचांना ग्रीस, एकेक थेंब उलटा टांगून,
कपाटाच्या खालच्या फळीवर, भिंतीकडे.
वर चिकटपट्टी: हात लावू नये.
खाली मराठीतच, हिराजी.
तन्झीलानं विचारलं, हा कोण?
म्हटलं, सल्लागार.

एकोणीस दिवस झालेत.
सर दारातून विचारतात, काही आलं?
माहीत नाही, सर.
चार वर्षं हेच उत्तर देतेय,
पण आतापर्यंत त्याचा अर्थ 'नाही' असा होता.