शेऱ्याचा रकाना

मैदानावर परवाच्या हळदीचा मंडप अजून उभा,
म्हणून आठवी ब-ची पीटी वर, चित्रकलेच्या खोलीत.
बावन्न आरोग्यपत्रिका, भिंतीवर चिकटवलेली मोजपट्टी
आणि शाळेचा वजनकाटा, जो दीड किलो जास्त सांगतो.
हे मला ठाऊक आहे आणि शिपाई गजराबाईंना.
वर्षातून एकदा, दार लावून,
आम्ही दोघी त्याच्यावर उभ्या राहतो,
दीड वजा करतो,
तरी जरा वेळ गप्पच असतो.

आकडे मी ओठांत वाचते.
नियम माझा, परिपत्रकात नाही.
आमच्या डोळसबाई आकडा ओरडायच्या.
सत्त्याण्णव साली, कळव्याच्या शाळेत, साठ मुलींपुढे
त्यांनी माझे त्रेसष्ट किलो असे काही पुकारले
की खिडकीतला कावळा उडाला.
पुढे गोळाफेकीत मी जिल्ह्यात दुसरी आले.
ते प्रमाणपत्र कुठे ठेवलंय आठवत नाही.
त्रेसष्ट कुठे आहे ते आठवतं.

तर, पुढचा.
मुली बूट काढतात, मग घड्याळ, मग क्लिपा,
एकीने तर श्वासही काढून ठेवला.
मुलगे टाचा उचलतात. मी नुसती खाली बघते, टाचा टेकतात.
"बाई, केसांची उंची धरतात का?"
"बाई, ह्यानं आज दोनदा जेवलंय, हे चीटिंग."

सत्तावीस. हर्षल मढवी. दिवा गावचा.
गेल्या वर्षी, दीड वजा करून, एकतीस.
शेरा: पालकांना भेटीस बोलावणे.
आई आली होती बाजार आटोपून,
मासळीची टोपली फाटकाशी ठेवून दारातच उभी.
हेडबाई तिला प्रथिनं म्हणजे काय ते समजावत होत्या.
ती मान हलवत होती, हात पदराला पुसत होती,
पुसून झालेला हात पुन्हा पुसत होती,
आणि जिन्याच्या वळणावर हा उभा होता,
दप्तराचा बंद चावत.

आज तो काट्यावर चढला सावकाश,
हलत्या होडीत पाय ठेवावा तसा.
खिशात काहीतरी ठणकन वाजलं.
अडतीस.
पँट दोन्ही बाजूंनी ओघळलेली,
पट्ट्याच्या जागी नाडी, नाडीला तीन गाठी,
आणि उजव्या खिशाच्या उसवलेल्या शिवणीतून
डोकावणारी पितळी मूठ.
केणी सर सोमवारपासून प्रयोगशाळेची वजनं शोधतायत.
एक-एक किलोची दोन.
त्यांचा संशय दहावीवर.

हर्षल छताकडे बघत होता. मी काट्याकडे.
अडतीसातून दीड. उरल्यातून दोन.
वजाबाकी मला कधी जड गेली नाही.
साडेचौतीस.
म्हणजे साडेतीन किलो वाढलंय हे पोर,
स्वतःच्या हाडामांसानं,
आणि त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

सांगणार कसं? सांगितलं तर खिसेही सांगावे लागतात,
आणि मागे पंचवीस जण रांगेत.

मी पत्रिकेत लिहिलं: साडेचौतीस.
तो उलटं वाचू शकतो हे मला माहीत नव्हतं.
त्याचे कान हळूहळू लाल झाले.
"बाई..."
"मढवी, मोजपट्टीला लाग. टाचा."
एकशे एक्कावन्न. मागच्यापेक्षा सात सेंटीमीटर जास्त.
हा आकडा मात्र मी मोठ्यानं म्हटला,
डोळसबाईंच्या आवाजात,
रांगेच्या शेवटापर्यंत.

शेऱ्याचा रकाना खूप अरुंद असतो.
'वाढतोय' एवढंच मावलं.

मधल्या सुट्टीनंतर ती वजनं मिळाली,
प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर, शेजारी शेजारी.
केणी सर म्हणाले, बघा, दहावीच.
गजराबाईंनी एक उचललं, तळहातावर धरलं,
माझ्याकडे बघितलं,
म्हणाल्या, पितळ असून गरम कसं हो?