रकाना नऊ

नेरूळच्या कॉलेजात परीक्षा विभागाची खिडकी
एकवीस वर्षं माझ्याकडे आहे.
खिडकीला गज आहेत. कशाला, देव जाणे;
इथून पोरं नेतात ती फक्त केटी.

फेरपरीक्षेच्या अर्जात रकाना नऊ:
अनुत्तीर्ण होण्याचे कारण.
पुढे चार बोटं जागा.
तेवढ्यात नीट मावतं ते एकच, "आजारी होतो",
कारण त्याला डॉक्टरचा शिक्का मिळतो.

"सरांचं कळतं हो, पण विचारायचं कुठल्या इंग्रजीत"
याला शिक्का नाही.
"मला ही लाइनच नको होती, फॉर्म काकांनी भरला"
यालाही नाही.
जुईनगरच्या एका मुलीनं तिथे नुसती रेघ मारली होती.
मी काही विचारलं नाही तिला.
विचारायला हवं होतं.

काल गणराज चाळके आला.
कोपरखैरणे, माथाडी वसाहत. मेकॅनिकल, तिसरं वर्ष.
गुणपत्रिका सवयीनं ओळीत लावल्या
आणि बोट अडलं.
पहिलं सत्र पास, दुसऱ्यात तीन विषय गेलेले.
तिसरं पास, चौथ्यात चार.
पाचव्यात पोरगा वर्गात दुसरा,
सहाव्यात पुन्हा भुईसपाट.
म्हटलं, अरे, तू उन्हाळ्यातच कसा रे नापास होतोस?

तो हसला. बाहीला पेंढ्याची काडी अडकली होती.
"मॅडम, हापूस."

मग गजांना धरून, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं:
"एप्रिलला मार्केटात रात्री दोनला देवगडच्या गाड्या लागतात.
बाबांचा मणका गेला तेव्हापासून
टोळीत त्यांच्या जागी मी उभा राहतो.
मुकादम बघून न बघितल्यासारखं करतो.
सातला सुटतो, साडेदहाला पेपर.
पहिला प्रश्न वाचतो, तो येत असतो मला,
आणि डोळे उघडतो तर बाई पुरवण्या गोळा करत असतात.
मे संपला की मी परत हुशार होतो."

गेल्या महिन्यात समितीचा अहवाल मीच टाइप केला:
मोबाइल, संगत, गांभीर्याचा अभाव.
तेवीस पानं, वर प्लास्टिकचं कव्हर.
आंब्याचं नाव कुठेही नव्हतं.
आणि मी यंदा वाशीहून दोन पेट्या आणल्या होत्या,
स्वस्त पडल्या म्हणून सगळ्या ऑफिसला सांगत होते.

खाली वाकून म्हणाले, कावीळ लिही.
शिरवण्याला एक डॉक्टर आहेत, ते देतात.
तो म्हणाला, "खोटं कशाला, मॅडम,
बाबांचं सर्टिफिकेट आहे की. एक्स-रेसकट."
नाही चालत रे. आजारी विद्यार्थी स्वतः लागतो.
"बरं," म्हणाला, आणि थोडा वेळ
स्वतःकडे खालून वर बघत राहिला,
कुठे काही दुखतंय का ते शोधल्यासारखा.

अर्ज माझ्या खणात आहे. आठ रकाने मोत्यासारख्या अक्षरात.
मुदत शुक्रवारी पाचला.
आज दुपारी डब्यानंतर मी पेन काढलं,
चार बोटं जागा मोजली,
आणि बारीक अक्षर काढून बघितलं रद्दीच्या कागदावर,
किती मावतं ते.
"देवगडच्या गाड्या" पर्यंत आलं,
पुढे रेघ संपली.