मांदाडचा ठिपका

आधी कुणीतरी नुसतं ऐकलं.
तांबड्या समुद्रातून वारा पकडून आलेला एक ग्रीक खलाशी.
त्याला कुणी सांगितलं असेल, पुढचं बंदर मांदाड.
त्याच्या कानात शेवटची अक्षरं विरघळली,
मंदगोरा, एवढंच त्यानं टिपलं.
खोली लिहिली नाही, खडक लिहिला नाही,
पाणी कुठं भरायचं तेही नाही.

मग थंडीनं आखडलेल्या बोटांनी
लेखनिक ते नाव उतरवत राहिले, शतकं.
त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. खाजण तर नाहीच.

मग नकाशेवाले आले.
एकानं ठिपका बाणकोटला दिला.
दुसऱ्यानं तो उचलून इथं, राजपुरीच्या खाडीत आणला.
तिसऱ्यानं दोघांच्या मधोमध ठेवला,
बांधाचं भांडण मिटवणाऱ्या मामलेदारासारखा.
तिकडे ग्रीसमध्ये म्हणे एखादा खांब तरी उभा असतो,
ठिपक्याला पाठ टेकायला.
इथं चिखल.
तोही ओहोटीपुरता.

कचेरीच्या पेटाऱ्यात मला जुनी मोजणी सापडली,
कापडावर डकवलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या.
साहेबानं लाल शाईचं प्रश्नचिन्ह काढलं होतं
आणि त्याखाली बारीक मोडीत कारकून आबाजी चित्रे:
‘गांवकरी म्हणतात बंदर होतें.
साहेबांस चिखल मानवत नाहीं.
सबब पुढें गेलों नाहीं.’

आम्ही गेलो.
दिघीहून भरतीबरोबर, इसाक पेवेकरच्या होडीतून.
कुड्याची लेणी डोंगरातून बघत होती.
इसाक म्हणाला, हे भाताचे कोपरे आजोबाच्या वेळी पाणी होते,
त्याच्या आजोबाच्या वेळी काय होते
ते त्यानं सांगितलं नाही, इंजिन बंद केलं फक्त.
हातातल्या यंत्राला अकरा उपग्रह मिळाले.
मला काठ मिळेना.
पोटरीभर चिखलात उभी राहून
मी मीटरच्या दशांशापर्यंत अचूक
आकडे लिहून घेतले, कशाचे ते माहीत नसताना.

तिथं गोमाबाई पायकोळी तिसऱ्या काढत होती.
तिच्या जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्यांमध्ये
एक मातीचा तुकडा बांधलेला.
मी वाकले. दोन वळ्या एकमेकींना चिकटवून केलेला कान,
दारूच्या उंच कुंभाचा, कोस बेटाकडच्या घडणीचा,
दोरीच्या घासानं मधोमध गुळगुळीत झालेला.

हे कुठं सापडलं?
‘कुठं म्हंजे? पान्यान.’
कुठल्या पाण्यात?
तिनं सगळ्या खाडीवरून हात फिरवला,
दिघीपासून डोंगरापर्यंत,
एवढा मोठा ठिपका मी कधी पाहिला नव्हता.
‘माजे सासूचे जाल्याला व्हता. त्याचे आदीं तिचे सासूचे.’

विकत देता का, विचारलं.
तिला पैसे नको होते.
‘जाल्याला वजन कंचा लावू? नोट?’
तिचे डोळे माझ्या पिशवीवर.
त्यातून ओळंबा डोकावत होता, पितळी, सरकारी,
डेडस्टॉक रजिस्टरात क्रमांक एकशे बारा.
तिनं तो तळहातावर तोलला,
दोनदा वरखाली केला, मान हलवली.
भाव ठरला.
इसाक साक्षीदार, तो हसत होता.

कान आता माझ्या टेबलावर आहे, कापसात.
त्याला थर नाही, खंदक नाही, पत्ता नाही.
नकाशावर मी ठिपका दिला नाही,
खाडीच्या दोन्ही काठांनी तुटक रेघ ओढली
आणि आबाजींच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं:
गेले होते. व्यापार चालू आहे.

वरिष्ठांनी ओळंब्याचा खुलासा मागवला.
‘खाडीत पडला’ असं लिहून दिलं.
खोटं नाही ते.
पडतो की, गोमाबाईच्या हातून, जाळ्यासकट,
आणि सरळ खाली जातो.